अकरा वाजता दोन मिनिटे : युद्धात पडलेल्यांच्या दिवसाचा इतिहास

१/२४
दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता सरकारी कार्यालयांत भोंगा होतो, हातातले काम थांबते आणि दोन मिनिटे सारे स्तब्ध उभे राहतात. महात्मा गांधींची हत्या मात्र सायंकाळी, पाच वाजून गेल्यावर झाली होती. मग मौन सकाळी अकरालाच का? आणि दोनच मिनिटे का? या रीतीचा माग काढत गेले, की वाट दिल्लीहून लंडनला, लंडनहून केपटाऊनला आणि तेथून उत्तर फ्रान्समधील जंगलात उभ्या असलेल्या रेल्वेच्या एका डब्यापाशी जाते. आजचा थ्रेड त्या वाटेवरचा.

२/२४
११ नोव्हेंबर १९१८. कोंपिएन्यच्या जंगलात पहाटे पाचच्या सुमारास जर्मन प्रतिनिधींनी युद्धविरामाच्या करारावर सह्या केल्या. युद्ध थांबायचे होते सकाळी अकरा वाजता. आघाडीवर सर्वत्र निरोप पोहोचावा म्हणून मधे सुमारे सहा तास ठेवण्यात आले. त्या सहा तासांत तोफा चालूच राहिल्या. त्या एका दिवसात सर्व बाजूंचे मिळून अडीच हजारांहून अधिक सैनिक मारले गेले, असा एक अंदाज आहे.

३/२४
त्यांपैकी एक फ्रेंच निरोप्या, ऑगस्त्यां त्रेब्युशों. युद्ध संपण्यास जेमतेम दहा-पंधरा मिनिटे उरली असताना त्याला गोळी लागली. सहकाऱ्यांना गरम जेवण कुठे मिळेल, हा निरोप घेऊन तो चालला होता. त्याच्या मृत्यूच्या नोंदीत तारीख मात्र १० नोव्हेंबर घालण्यात आली. विजयाच्या दिवशी कोणी मेले, हे कागदावर बरे दिसले नसते. ज्या दिवसाने पुढे कोट्यवधी लोकांना मृतांची आठवण करण्यास शिकवले, त्या दिवसाच्या आरंभीच एका मृताची तारीख बदलली गेली होती.

४/२४
युद्धात पडलेल्या सैनिकांसाठी राष्ट्राने वर्षातील एक दिवस राखून ठेवावा, ही कल्पना आज इतकी रुळली आहे की ती फार जुनी असावी असे वाटते. प्रत्यक्षात ती अलीकडची. १८१५ मधील वॉटर्लूसारख्या लढाईतही साधे शिपाई सामायिक खड्ड्यांत पुरले गेले. नावे राहिली ती सेनापतींची. आपल्याकडे गावोगावी वीरगळ दिसतात. गाय सोडवताना, गाव राखताना पडलेल्या माणसाची आठवण गावाने दगडात कोरून ठेवली. पण बहुतेक वीरगळांवर नाव नाही, आणि ती आठवण त्या गावाची होती, राज्याची नव्हे.

५/२४
रणात गेलेल्या माणसाचा देह घरी न येणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला पानिपतावरून कळते. १४ जानेवारी १७६१ नंतर सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूची वार्ता आली. पण पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे भाऊसाहेब म्हणून एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे गेली, आणि ते प्रकरण मिटवायला १७७६ साल उजाडले. ज्याचे अंत्यसंस्कार डोळ्यांनी पाहिले नाहीत, तो मेला हे मन मान्य करीत नाही. १९१८ मध्ये युरोपातील लाखो घरे याच अवस्थेत होती.

६/२४
राष्ट्रीय दिवसाचा पहिला मोठा प्रयोग झाला तो अमेरिकेत, यादवी युद्धानंतर. १ मे १८६५ रोजी चार्ल्स्टन शहरात नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी एका जुन्या घोडशर्यतीच्या मैदानावर मोठी मिरवणूक काढली. तेथील तुरुंगछावणीत मेलेल्या उत्तरेच्या किमान २५७ सैनिकांना घाईघाईने पुरण्यात आले होते. या लोकांनी त्यांना व्यवस्थित थडगी दिली, भोवती कुंपण घातले आणि फुले वाहिली. सुमारे दहा हजार माणसे जमली होती.

७/२४
तीन वर्षांनी, ३० मे १८६८ रोजी, माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख जनरल जॉन लोगन यांच्या आदेशाने देशभर थडग्यांवर फुले वाहण्याचा दिवस पाळला गेला. तोच आजचा ‘मेमोरियल डे’. दक्षिणेकडील राज्यांनी आपल्या मृतांचे वेगळे दिवस पाळले. चार्ल्स्टनची मिरवणूक मात्र सार्वजनिक स्मृतीतून पुसली गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांनी ती कागदपत्रांतून पुन्हा बाहेर काढली. स्मरणाच्या दिवसाचाही विसर पडू शकतो, तो असा.

८/२४
आता पुन्हा १९१८ कडे. पहिल्या महायुद्धात सर्व देशांचे मिळून नव्वद लाखांच्या आसपास सैनिक मेले. ब्रिटन आणि त्याच्या साम्राज्याचे अकरा लाखांवर. तोफखान्याने देह ओळखू येण्याजोगे ठेवले नव्हते. साम्राज्याच्या पाच लाखांहून अधिक मृतांना ज्ञात असे थडगेच नाही. कवी रड्यर्ड किपलिंगचा अठरा वर्षांचा मुलगा जॉन १९१५ मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला. बापाच्या हयातीत त्याच्या देहाची ओळख पटली नाही.

९/२४
ज्यांचे देह सापडले, तेही घरी आले नाहीत. ब्रिटिश सरकारने मृतदेह मायदेशी आणण्यास बंदी घातली. पैसेवाल्यांनी आपली मुले परत आणावीत आणि गरिबांची तिथेच राहावीत, हा भेद नको, असे त्यामागचे एक कारण होते. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन’ने नियम केला : हुद्दा, वंश, धर्म काहीही असो, सर्वांना सारखी वागणूक आणि प्रत्येकाचे नाव दगडावर. नियम उदात्त होता. तो कितपत पाळला गेला, ते पुढे येईलच. पण त्याचा तात्काळ परिणाम असा, की इंग्लंडमधील आईला रडण्यासाठी थडगे उरले नाही.

१०/२४
जुलै १९१९ मध्ये लंडनला विजयसंचलन ठरले. सैनिकांनी मानवंदना द्यावी म्हणून वास्तुशिल्पी एडविन लट्यन्स यांनी व्हाइटहॉल रस्त्यावर लाकूड आणि प्लास्टरची एक तात्पुरती वास्तू उभारली. तिचे नाव ‘सेनोटाफ’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ रिकामी समाधी. संचलन झाले की ती काढायची होती. पण संचलन संपले आणि लोक तिच्या पायथ्याशी फुले ठेवू लागले. दिवसेंदिवस फुलांचा ढीग वाढत गेला. सरकारला अखेर तीच वास्तू दगडात कायमची बांधावी लागली. लोकांनी आपल्या मुलांच्या थडग्यांची जागा स्वतःच निवडली होती.

११/२४
जागा मिळाली, वेळ केपटाऊनने दिली. मे १९१८ पासून तेथे रोज दुपारची तोफ झाली की शहर काही क्षण थांबत असे. आधी तीन मिनिटांचे मौन होते, ते लांबते म्हणून दोनांवर आले : एक मिनिट गेलेल्यांसाठी, एक मागे राहिलेल्यांसाठी. दक्षिण आफ्रिकेतील लेखक व राजकारणी सर पर्सी फिट्झपॅट्रिक यांनी हे पाहिले होते. त्यांचा मुलगा डिसेंबर १९१७ मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला होता. युद्धविरामाच्या पहिल्या वर्षदिनी साऱ्या साम्राज्याने असेच थांबावे, ही सूचना त्यांनी लॉर्ड मिल्नर यांच्यामार्फत राजापर्यंत पोहोचवली. लंडनच्या एका वृत्तपत्रात तशीच कल्पना एडवर्ड हनी या ऑस्ट्रेलियन पत्रकाराने आधी मांडली होती.

१२/२४
७ नोव्हेंबर १९१९ ला पंचम जॉर्जचे आवाहन निघाले आणि चारच दिवसांनी, अकराव्या महिन्याच्या अकराव्या दिवशी अकराच्या ठोक्याला, साम्राज्य दोन मिनिटे थांबले. रस्त्यावरची वाहने जिथल्या तिथे उभी राहिली, गाड्या थांबल्या, कारखान्यांची यंत्रे बंद झाली. मौनाला भाषा लागत नाही, पुरोहित लागत नाही, धर्मही लागत नाही. प्रॉटेस्टंट, ज्यू, हिंदू, मुसलमान असे सारे ज्या साम्राज्याच्या सैन्यात होते, त्याला सर्वांना सोसेल असा दुसरा विधी सापडणे कठीण होते. ही रीत हिंदुस्थानातही आली ती येथूनच.

१३/२४
पुढच्या वर्षी रिकाम्या समाधीला देह मिळाला. निरनिराळ्या रणांगणांवरून ओळख न पटलेले काही ब्रिटिश मृतदेह आणून एका झोपडीत ठेवण्यात आले आणि ब्रिगेडियर वायट यांनी त्यांतून एक निवडला. ११ नोव्हेंबर १९२० ला राजाच्या उपस्थितीत तो वेस्टमिन्स्टर ॲबीत, राजेमहाराजांच्या शेजारी, फ्रान्सच्या मातीत पुरला गेला. मानाच्या जागा सुमारे शंभर स्त्रियांना देण्यात आल्या होत्या; त्यांचा पती आणि सर्व मुलगे युद्धात गेले होते. पहिल्या आठवड्यातच लाखो लोक दर्शनाला येऊन गेले. तो कोण, हे कोणालाच माहीत नसल्यामुळे, तो आपलाच, असे प्रत्येकीला मानता येत होते.

१४/२४
त्याच दिवशी पॅरिसमध्येही एक अनाम सैनिक विजयकमानीखाली आणण्यात आला. व्हर्दंच्या किल्ल्यात आठ शवपेट्या मांडल्या होत्या. निवड करण्यासाठी ऑग्युस्त तां या २१ वर्षांच्या शिपायाच्या हाती फुलांचा गुच्छ दिला गेला. त्याची रेजिमेंट १३२ वी. एक, तीन, दोन यांची बेरीज सहा, म्हणून त्याने सहाव्या पेटीवर गुच्छ ठेवला. त्याचे वडीलही युद्धातून परतले नव्हते.

१५/२४
फ्रान्समध्ये पुढच्याच वर्षी प्रश्न उभा राहिला : हा दिवस सुटीचा की कामाचा? कामाचा दिवस बुडू नये म्हणून सरकारने १९२१ चा सोहळा जवळच्या रविवारी, १३ नोव्हेंबरला ढकलला. माजी सैनिक संतापले. आमचे सोबती गेले तो रक्तपात थांबला त्या तारखेला, आणि तुम्ही ती कारखान्यांच्या सोयीने सरकवता? संघटनांनी बहिष्कार टाकला. अखेर २४ ऑक्टोबर १९२२ च्या कायद्याने ११ नोव्हेंबर ही सुटी झाली. अमेरिकेने पुढे हाच धडा गिरवला : तेथे ११ नोव्हेंबरची सुटी १९७१ पासून ऑक्टोबरातील सोमवारी नेण्यात आली, आणि लोकांच्या नाराजीमुळे १९७८ मध्ये मूळ तारखेवर परत आणावी लागली.

१६/२४
फ्रान्समधील ११ नोव्हेंबर सैन्याने नव्हे, तर गावांनी घडवला. जवळजवळ प्रत्येक गावात मृतांच्या नावांचा स्तंभ उभा राहिला. सोहळ्यात एक एक नाव वाचले जाते आणि प्रत्येक नावानंतर जमाव उत्तर देतो : फ्रान्ससाठी मरण पावला. पुष्कळ गावांत त्या यादीत एकाच आडनावाचे दोन-तीन भाऊ सापडतात. ब्रिटनमध्ये मात्र या दिवसाची सुटी झालीच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर मुख्य सोहळा नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी होऊ लागला. कॅनडात १९२१ पासून हा दिवस ‘थँक्सगिव्हिंग’च्या सणाला जोडला होता, सण आणि सुतक एकत्र नांदेनात, म्हणून १९३१ मध्ये तो वेगळा काढून ११ तारखेला बांधण्यात आला.

१७/२४
जे हरले त्यांचे काय? जर्मनीने वीस लाखांच्या आसपास सैनिक गमावले. पण ११ नोव्हेंबर हा त्यांच्या मानहानीचा दिवस. १९२२ मध्ये संसदेत लोकशोकदिनाचा पहिला कार्यक्रम झाला. तरी साऱ्या देशाला मान्य होईल असा दिवस वायमार प्रजासत्ताकाला सापडला नाही. १९३४ मध्ये नाझींनी त्या शोकदिनाला ‘वीरस्मरणदिन’ करून टाकले. आता रडायचे नव्हते, पुढच्या युद्धासाठी तयार व्हायचे होते. १९५२ मध्ये पश्चिम जर्मनीने हा दिवस नोव्हेंबरात नेला आणि त्यात सैनिकांबरोबर जुलमी राजवटीच्या बळींचेही स्मरण सुरू केले. शोकाच्या दिवसाचे काय होऊ शकते, त्याची दोन्ही टोके या एका देशाने पाहिली.

१८/२४
जिंकलेल्या देशांतही सारे एकमुखाने मौन पाळत होते असे नाही. १९२२ च्या ११ नोव्हेंबरला लंडनमध्ये बेकार माजी सैनिक सेनोटाफसमोरून चालत गेले, तेव्हा त्यांनी छातीवर पदकांशेजारी गहाणवटीच्या पावत्या टाचल्या होत्या. मेलेल्यांना दगडाची समाधी आणि जिवंतांना उपासमार, हा त्यांचा सवाल होता. १९३३ मध्ये कामगार स्त्रियांच्या एका सहकारी संघटनेने लाल पॉपीच्या फुलाऐवजी पांढरे फूल आणले. मृतांचे स्मरण करायचे, पण पुढच्या युद्धाला होकार द्यायचा नाही, असा त्याचा अर्थ.

१९/२४
आता या इतिहासातील सर्वांत अवघड पान. हिंदुस्थानातून तेरा लाखांवर माणसे या युद्धात गेली आणि सुमारे ७४ हजार परतली नाहीत. इराकमधील कूत येथे डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने वेढ्यात अडकलेली फौज होती ती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. शेवटी घोडे, खेचरे खाण्याची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली आणि वाळवंटातील पायपिटीत व कैदेत त्यांतील हजारो मेले. त्यांच्यासाठी थडगी नव्हतीच. म्हणून नावांचे स्मारक झाले : बसरा स्मारक, १९२९.

२०/२४
त्या स्मारकावर काय कोरले? ब्रिटिश अधिकारी आणि ब्रिटिश शिपाई यांची नावे. हिंदी अधिकाऱ्यांचीही नावे. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ आकडे : या पलटणीचे इतके. ज्या कमिशनने वंश आणि हुद्दा न पाहता प्रत्येकाचे नाव कोरण्याचा नियम केला, त्यानेच हे केले. फ्रान्समधील नव्ह शापेल येथे हिंदी शिपायांची चार हजारांहून अधिक नावे कोरली गेली; ती जागा युरोपात होती. इराक आणि आफ्रिकेत नियम सैल झाला.

२१/२४
एप्रिल २०२१ मध्ये त्याच संस्थेच्या, आताच्या ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’च्या, चौकशी समितीने हे मान्य केले. ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण इतरांच्या तुलनेत असमान रीतीने झाले. किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावे कोरली गेली नाहीत, किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही. त्यांत पूर्व आफ्रिकेतील ओझी वाहणारे हमाल मोठ्या संख्येने होते, आणि हिंदी शिपाईही. ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी संसदेत क्षमा मागितली. म्हणजे सुमारे शंभर वर्षे दर ११ नोव्हेंबरला साम्राज्य ज्यांच्यासाठी थांबत होते, त्यांची पूर्ण यादी त्याच्याजवळ नव्हती.

२२/२४
इंडिया गेटही याच कथेतले. त्याचा शिल्पकार लट्यन्सच, सेनोटाफवाला. १९२१ मध्ये पायाभरणी, १९३१ मध्ये उद्घाटन. त्यावर १३ हजारांहून अधिक नावे आहेत. ७४ हजारांच्या मानाने ती थोडीच. मुंबईत मशीद बंदर भागात खलाशांच्या वसतिगृहातील स्मारक समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे आहे. रोज तेथून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असेल. आणि सातारा, रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांतील गावांत छोट्या शिळा आहेत. या गावातून महायुद्धात इतके गेले, त्यांतील इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. साताऱ्याच्या अपशिंगे (मिलिटरी) गावातील ४६ जण त्या युद्धातून परतले नाहीत, असे सांगितले जाते. शिळेवर पुन्हा आकडाच.

२३/२४
स्वतंत्र भारताने ११ नोव्हेंबर स्वीकारला नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. ज्यांच्याविरुद्ध लढा दिला त्यांच्याच युद्धात मेलेले हे सैनिक. ते राष्ट्राच्या कथेत कुठे बसणार? १९४९ पासून ७ डिसेंबर हा ध्वजदिन झाला, १९७१ च्या युद्धानंतर १६ डिसेंबरचा विजय दिवस आला, पुढे २६ जुलैचा कारगिल दिवस आला. यांपैकी एकही राष्ट्रीय सुटी नाही. २६ जानेवारी १९७२ ला इंडिया गेटखाली अमर जवान ज्योत लागली. २०१९ मध्ये शेजारी राष्ट्रीय युद्धस्मारक उभे राहिले, त्यावर स्वातंत्र्योत्तर हुतात्म्यांची नावे आहेत. २०२२ मध्ये ज्योत तेथे विलीन झाली. कूतचा शिपाई या सर्व तारखांच्या बाहेरच राहिला. राहिले ते केवळ त्याच्या काळातील विधीचे रूप : अकरा वाजता, दोन मिनिटे. साम्राज्याच्या मृतांसाठी रूढ झालेले ते रूप आज ३० जानेवारीच्या मौनात दिसते.

२४/२४
ज्यांचे अंत्यसंस्कार करता आले नाहीत, त्यांच्यासाठी एका पिढीने वर्षातील एक दिवस मागून घेतला. सरकारांनी त्याचे कधी सण केले, कधी संचलन, कधी पुढच्या युद्धाची तयारी. पण त्या दिवसाची मूळ मागणी साधी होती : आमचा माणूस कोण होता, हे लिहून ठेवा. कमिशनच्या नोंदी आज सर्वांना पाहता येतात. पुष्कळ ठिकाणी शिपायाच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि गावही आहे. तुमच्या गावच्या चावडीजवळ, शाळेच्या भिंतीत किंवा देवळाच्या आवारात अशी शिळा असेल, तर तिचे छायाचित्र काढा, आकडा टिपून ठेवा, आणि गावातील वडीलधाऱ्यांना विचारा, त्या आकड्यात कोण कोण होते. काही नावे अजून कोणाच्या तरी ओठांवर असतील.